खुंटाला नाव नसतं

मास्टरजी सफरचंद कानाशी धरून हलवतात. आत बिया खुळखुळल्या की म्हणतात, "बोलता है तो पक गया।" त्यांच्या बागेत हा खुळखुळा एकाच झाडाच्या फळात वाजायचा. त्या झाडाला घरात सगळे नुसतं 'पिपिन' म्हणत. मास्टरजींच्या वडिलांनी ते लावलं, मास्टरजी जन्मायच्याही आधी, आणि मास्टरजी आता ८१ वर्षांचे आहेत. खोड पोकळ झालेलं, एक फांदी लाकडी टेकूवर रेललेली. फळ बेताचं, नारिंगी झाक असलेलं, सालीवर खरखरीत चट्टे. मंडीत त्याला कुणी विचारत नसे. पेटीत चुकून आलंच तर आढती ते उचलून बाजूला ठेवायचा.

शिमल्याच्या वर, नारकंडा ओलांडून खाली उतरलं की कोटगढ-ठाणेधारचा पट्टा लागतो. तिथल्या एका गावात मी गेली २२ वर्षं राहते आहे. शाळेत शिकवायला आले, मास्टरजींच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली आणि राहिलेच. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. आजोबा आंब्याची कलमं बांधत आणि सुट्टीत आम्हा मुलांना दोरा धरायला बसवत. ही गोष्ट मी कधीतरी मास्टरजींना सांगितली असणार, कारण तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत त्यांनी मला अंगणात बोलावून घेतलं. म्हणाले, "तुमच्याकडे दोन्ही कलमं आहेत, लिहायचीही आणि बांधायचीही. पिपिनच्या काड्या काढून ठेवा. पुढच्या थंडीत मुलगा खालचे दोन टप्पे साफ करणार आहे."

एवढंच बोलले. मुलाबद्दल तक्रार नव्हती, झाडाबद्दल हळहळही नव्हती. मी मात्र त्या दिवशी फार उत्साहात होते. एक वाण वाचवायचा म्हणजे काहीतरी निःसंशय चांगलं काम आपल्या हातून होणार, अशी माझी खात्री होती. तशी खात्री आता राहिलेली नाही. का नाही, तेच लिहायला बसले आहे.

आधी वाण म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गाठ तिथेच आहे. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं झाड येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवं झाड, नवी चव, बहुतेकदा आंबट-तुरट आणि खायला नको अशी. हजारांत एखादं फळ कुणाला आवडतं. मग त्या झाडाची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधतात आणि तेच झाड पुढे चालू राहतं. बागायत विभागातल्या एका जाणकारांनी आमचं पिपिन पाहून ते 'कॉक्स ऑरेंज पिपिन' असल्याचं सांगितलं. हे झाड इंग्लंडमध्ये स्लाउजवळच्या कोलनब्रुक इथे रिचर्ड कॉक्स नावाच्या निवृत्त बिअर-उत्पादकाने १८२५च्या सुमारास बी लावून वाढवलं. पिकल्यावर त्याच्या बिया सुटतात आणि वाजतात, हीच त्याची जगभर सांगितली जाणारी खूण. म्हणजे मास्टरजींच्या बागेतलं झाड कॉक्सच्या झाडाचं मूल किंवा नातवंड नव्हतं. ते तेच झाड होतं. दोनशे वर्षं शरीरं बदलत, समुद्र ओलांडून, पहाड चढून आलेलं एकच झाड.

'तेच' हा शब्द मी किती सहज लिहून टाकला. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात आंबेचोराचा एक दाखला आहे. चोर पकडला जातो आणि म्हणतो, या माणसाने लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, मग मी चोर कसा? राजाला हे पटत नाही. आधीच्या आंब्यांतूनच पुढचे आले, तेव्हा चोर दोषी. नागसेनाला हेच हवं असतं. पुनर्जन्म घेणारा तोच नसतो आणि अगदी दुसराही नसतो, पण पहिल्याचं देणं दुसऱ्याकडे येतं. माझा प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे. देणं जर असं पुढे येत असेल तर ते कोणाचं कोणाकडे येतं? दोनशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने आपल्या परसात बी लावली. ते झाड चालू ठेवण्याचं माझ्याकडे काय देणं लागतं?

कोकणातल्या माणसाला ही गोष्ट जरा लवकर समजते, कारण आमच्याकडे दोन प्रकारचे आंबे असतात. हापूस कलमाचा आणि रायवळ कोयीचा. हापूसचं प्रत्येक झाड मूळ एकाच झाडाचा विस्तार, म्हणून त्याला बाजार आहे, भाव आहे, पेटी आहे. रायवळाचं प्रत्येक झाड वेगळं. आमच्या घरामागे एक होतं, त्याला आम्ही 'विहिरीवरचा' म्हणायचो. दुसरं 'वाटेवरचा'. ही नावं जागेची, वाणाची नव्हेत. 'विहिरीवरचा' चोखून खायचा आंबा होता, दोरे दातात अडकायचे, आणि त्याच्या रसात किंचित सुंठीसारखी तिखट चव होती. ती मला पुन्हा कुठेही मिळालेली नाही. घर वाढवताना ते झाड तोडलं. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी आयुष्यभर हापूसची शेकडो कलमं बांधली, 'विहिरीवरच्या'चं एकही नाही. मी त्यांना याचं कारण विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे हेच तेव्हा सुचलं नाही.

आता या पट्ट्याकडे येते. हिमाचलात इंग्रजी सफरचंदं आणली ती कुलूजवळच्या बंदरोलला कॅप्टन ली याने, १८७०मध्ये. मग मशोब्र्याला बाग झाली. ही सगळी विलायती चवीची, आंबटपणाकडे झुकणारी फळं, आमच्या पिपिनसारखी. लोकांना ती फार रुचली नाहीत. चित्र पालटलं ते सॅम्युअल स्टोक्समुळे. फिलाडेल्फियाच्या क्वेकर घराण्यातला हा मुलगा १९०४मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला भारतात आला, कोटगढला स्थायिक झाला, इथल्या मुलीशी लग्न केलं, असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि पुढे सत्यानंद झाला. १९१६मध्ये त्याने अमेरिकेतल्या स्टार्क नर्सरीतून रेड डिलिशसची रोपं मागवून इथे लावली. आज या डोंगरांत जी पक्की घरं आहेत, शिकलेल्या मुली आहेत, शिमल्यात फ्लॅट आहेत, त्यांच्या मुळाशी ते एक झाड आहे. हे मी उपरोधाने म्हणत नाही. माझ्या शाळेची फी त्याच झाडातून येते.

आणि ते झाड कुठून आलं? आयोवात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत, ओळीबाहेर, आपोआप उगवलेलं एक रोप. शिस्तीचा माणूस; त्याने ते छाटून टाकलं. ते पुन्हा फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं. मग त्याने हात टेकले आणि ते राहू दिलं. आज जगभर असलेल्या कोट्यवधी लाल सफरचंदांच्या झाडांमागे कुणाची दूरदृष्टी नाही. तिसऱ्यांदा कोयता न उचलणाऱ्या एका माणसाचा कंटाळा आहे, किंवा दया, काय म्हणायचं ते म्हणा.

त्या फळाचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. हायटचं मूळ फळ पट्ट्यापट्ट्यांचं होतं. एखाद्या फांदीवर आपोआप बदल होऊन जास्त लाल फळं आली की बागवान तीच फांदी कलमाला निवडत, कारण दुकानात लाल रंग खपतो. असं पिढ्यान्‌पिढ्या होत गेलं. रंग गडद झाला, साल जाड झाली आणि चव मागे पडली. म्हणजे ज्याला आपण 'तेच झाड' म्हणतो ते हातांनीच हळूहळू दुसरं होत गेलं, नाव मात्र तेच राहिलं. आता अमेरिकेत काही लोक त्या मूळ पट्टेरी रूपाला जुना वाण म्हणून जपतात. मला याची गंमत वाटते आणि थोडी भीतीही. जपणारा आणि बिघडवणारा, दोघांच्या हातात एकच चाकू असतो.

मास्टरजींच्या मुलाशी माझं यावर एकदा चांगलंच वाजलं. तो माझ्याच वयाचा, मला दीदी म्हणतो. माझं बोलणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दीदी, एका पिपिनच्या सावलीत एम-नऊच्या खुंटावर गालाची दहा झाडं बसतात. तिसऱ्या वर्षी फळ देतात. बर्फ पूर्वीसारखं पडत नाही, रॉयलला लागते तेवढी थंडी खालच्या टप्प्यांना मिळत नाही. माझ्या दोन मुली आहेत. तुमचं म्युझियम तुम्ही माझ्याच शेतात का उघडता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. जतनाची कळकळ बहुतेक वेळा ज्यांची जमीन नसते त्यांनाच असते. त्याचा खर्च, आणि न मिळालेलं उत्पन्न, हे दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत पडतं. माझ्याकडे एक खोली, एक फ्रिज आणि निवृत्तिवेतनाची आशा आहे. मी त्याला 'वारसा' हा शब्द ऐकवत होते आणि तो प्रत्यक्ष वारस होता.

शिवाय एक अडचण मला आधीपासूनच ठाऊक होती, मी ती स्वतःपासून लपवत होते. कॉक्स पिपिन नामशेष व्हायच्या वाटेवर मुळीच नाही. इंग्लंडमध्ये त्याच्या बागा आहेत. केंट परगण्यात ब्रॉगडेल इथे दोन हजारांहून अधिक सफरचंदांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे ते सुखरूप आहे. आमच्या टप्प्यावरचं झाड गेलं तर जगातून काहीही जाणार नव्हतं. मग मी काय वाचवत होते? मास्टरजींच्या वडिलांनी खणलेला खड्डा? कानाशी धरून ऐकायची त्यांची सवय? या गोष्टी काडीतून पुढे जात नाहीत. काडीतून फक्त कॉक्स जातो.

नावाचा हा मोह केवळ माझा नाही. न्यूटनने ज्याखाली बसून विचार केला असं म्हणतात ते झाड 'फ्लॉवर ऑफ केंट' जातीचं. फळ भरड, शिजवून खायचं. त्या झाडामागे न्यूटनची गोष्ट नसती तर त्याच्या काड्या देशोदेशी गेल्या नसत्या. पुण्यात आयुकाच्या आवारातही त्याची रोपं आणून लावली होती, खरं तर पुण्याच्या हवेत सफरचंदाचं मन रमत नाही. आणखी एक, ब्रॅम्लीचं. नॉटिंगहॅमशायरच्या साउथवेलमध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९मध्ये बिया लावल्या. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. एका रोपवाल्याने काड्या मागितल्या तेव्हा तो म्हणाला, घ्या, पण नाव माझं द्या. इंग्लंडमध्ये आज घरोघरी त्या सफरचंदाचे पाय होतात ते खाटकाच्या नावाने. बी लावणारी मुलगी आयुष्यात ते फळ चाखू शकली की नाही, कोण जाणे.

तर काड्या काढल्या. बर्फ पडून गेलं होतं, झाड झोपेत होतं. पेन्सिलीएवढ्या जाड, मागच्या वर्षीच्या वाढीच्या काड्या निवडल्या, ओल्या शेवाळात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवल्या. मार्चमध्ये बांधायला बसले. मास्टरजींनी खुंट आणून दिले होते, पाच. जंगली सफरचंदाच्या बियांपासून वाढवलेली दोन वर्षांची रोपं. इकडे त्यांना 'बीजू' म्हणतात.

पाचर कलम सोपं असतं. खुंटाचं डोकं उडवायचं, मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप घेऊन ती चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची आणि पट्टी गुंडाळायची. आजोबांचा हात मला आठवत होता. पहिल्या रोपाचं डोकं उडवलं आणि ते शेंड्याचं टोक मातीत पडलं. त्यावर एक कळी फुगायला लागली होती. मी हातातला चाकू खाली ठेवला. आयुष्यात शेकडो वेळा पाहिलेली गोष्ट मी पहिल्यांदा पाहत होते, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी ती पाहिलेली होती, फक्त मोजली नव्हती. हे बीजू जगात एकमेव होतं. असं झाड आधी नव्हतं आणि पुढेही होणार नाही. दोनशे वर्षांची, हजारो ठिकाणी सुखरूप असलेली एक व्यक्ती आणखी चालावी म्हणून मी त्याचं डोकं उडवलं होतं. प्रत्येक नामवंत झाडाच्या जमिनीखाली असं एक दुसरं झाड असतं. त्याने मुळं द्यायची, पाणी ओढायचं, आणि फळावर नाव वरच्याचं.

"बीजू है, बेटा," मास्टरजी म्हणाले. "नऊशे नव्व्याण्णव खट्टे निघतात." मी पुढची चारही डोकी उडवली.

कझाकस्तानच्या डोंगरांत रानटी सफरचंदांची जंगलं आहेत, सगळ्या सफरचंदांचं मूळ तिथलंच. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव्ह १९२९मध्ये आल्मा-आताला गेला तेव्हा त्याने ते ओळखलं. त्या जंगलात एकही वाण नाही. प्रत्येक झाड निराळं, प्रत्येक फळाचा रंग, आकार, चव निराळी. निसर्ग तिथे कुठलंच फळ जपत नाही. बहुतेक वाया घालवतो आणि पुन्हा नवी बी टाकतो. आपल्याला ती उधळपट्टी परवडत नाही, हे खरं. माणसाला एकदा मिळालेली चव पुन्हा हवी असते. त्या हव्यासाला मी नुसता हट्ट म्हणणार नाही, त्यात प्रेमही असतं. पण प्रेम कोणावर बसतं ते आधी ओळख ठरवते, आणि ओळख नाव ठरवतं.

हे सगळं आता कळतं. तेव्हा कळलं असतं तर एक गोष्ट माझ्या हातून सुटली नसती.

खालच्या टप्प्यावरून घराकडे येणाऱ्या वाटेच्या वळणावर एक बीजू होतं. कुणी लावलेलं नाही. कुणीतरी खाऊन टाकलेल्या गाभ्यातून उगवलं असणार. फळ लहान, पिवळं, भयंकर आंबट, आणि पानं झडली तरी फांदीला लटकून राहणारं. त्यावर कधी फवारणी झाली नाही. तरी दर पावसाळ्यात आजूबाजूच्या रॉयलची पानं डागाळून गळायची, आणि त्याची मात्र स्वच्छ असायची. मास्टरजींनी हे मला एकदा बोटाने दाखवलंही होतं. बागेत कामाला येणारी नेपाळी बाई दर वर्षी त्याची फळं ओच्यात भरून न्यायची, मिरची घालून चटणी करायची. मला वाटीभर द्यायची. वर्षानुवर्षं मी त्या झाडाखालून गेले.

त्या डिसेंबरात जेसीबी आला. दोन दिवसांत खालचे टप्पे साफ झाले. पिपिनचं पोकळ खोड पडलं तेव्हा मी मास्टरजींच्या शेजारी उभी होते, आणि माझ्या मनात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं, कारण पाचातली तीन कलमं लागली होती. जेसीबीला वळायला जागा हवी म्हणून वाटेचा कोपराही काढला, हे मी पाहिलं. पाहिलं आणि पुढे बोलत राहिले. त्या कोपऱ्यातल्या झाडाची काडी घ्यायला दहा मिनिटं पुरली असती. चाकू माझ्या खिशात होता.

मार्चमध्ये ती बाई कामावर परतली. वळणावर थांबली, इकडे तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "दीदी, वो खट्टा वाला कहाँ गया?" मी म्हटलं, काढलं. तिने मान हलवली आणि टोपली घेऊन खाली गेली. गालाची रोपं लावायची होती.

तीन कलमांपैकी एक पहिल्याच हिवाळ्यात गेलं, एक मी शाळेच्या आवारात लावलं, ते बरं आहे. तिसरं मास्टरजींच्या गोठ्यामागे आहे. कलमाच्या सांध्याखालून खुंट दर वसंतात फुटवे काढतो. ते लगेच खुडायचे असतात, नाहीतर वरचं कलम उपाशी मरतं. पहिली दोन वर्षं मी ते खुडले. या वर्षी एक ठेवलाय. आता तो वीतभर झाला आहे, पानं पिपिनच्या पानांहून अरुंद, देठाशी लालसर. मास्टरजी काठी टेकत बघायला आले, वाकून दोन्ही फांद्यांकडे पाहिलं.

"दोनों नहीं चलेंगे, बेटा," ते म्हणाले.

मी म्हटलं, माहीत आहे. चाकू या वेळीही खिशातच होता. आम्ही दोघं थोडा वेळ तिथे उभे राहिलो, मग ऊन उतरलं तसे त्यांना हात देऊन मी घरात घेऊन आले.